मदत हवी आहे : आठ बारचा लूप जमतो, पण पूर्ण ट्रॅक होत नाही, आणि बेस ऐन वेळी नाहीसा होतो

मूळ प्रश्न

नमस्कार. मी एकोणीस वर्षांची असून सात वर्षांपासून कीबोर्ड वाजवत आहे. स्वरज्ञान बऱ्यापैकी पक्के आहे, कॉर्ड कळतात आणि एकदा ऐकलेली चाल सहसा लगेच बोटांवर उतरते. गेल्या दीड वर्षापासून मी संगणकावर इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, त्यातही मुख्यतः १२८ बीपीएमचे (म्हणजे मिनिटाला १२८ मात्रांचे) हाउस, तयार करण्याचा प्रयत्न करत आहे. साधने मोजकीच आहेत : लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीतरचनेचे सॉफ्टवेअर, दोन सप्तकांचा मिडी कीबोर्ड, एक बंदिस्त हेडफोन आणि टेबलावर ठेवलेले दोन लहान स्पीकर.

पहिली अडचण अशी की माझ्या फोल्डरमध्ये आज ४१ प्रकल्प आहेत आणि त्यांतील एकही दीड मिनिटाच्या पुढे गेलेला नाही. किक (ढोलाचा खालचा ठोका), क्लॅप, हॅट, बेस, कॉर्ड आणि वर एखादी लहानशी चाल असा आठ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) लूप मी एका संध्याकाळीत उभा करते आणि तो ऐकायला खरोखर चांगला वाटतो. त्यानंतर मात्र तोच लूप तासन्‌तास फिरत राहतो, मी हॅटचा आवाज अर्धा डेसिबल वर आणि अर्धा डेसिबल खाली करत बसते, आणि रात्री उशिरा त्या चालीचाच कंटाळा येऊन फाइल बंद होते. लूप पुढे तसाच चिकटवला तर तेच ते वाटते. काही बदलले तर दुसरेच गाणे सुरू झाल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण किक आणि बेस यांची आहे, आणि तिच्यामुळेच मी हा प्रश्न लिहायला बसले. माझा बेस प्रत्येक दोन किकच्या बरोबर मध्ये येतो. तो हेडफोनवर भरदार वाटावा म्हणून मी त्यावर आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा एक इफेक्ट लावला आहे, जो उजवी बाजू सुमारे ९ मिलीसेकंद उशिरा वाजवतो. किक वाजताच बेसचा आवाज दाबणारे साइडचेन कम्प्रेशनही लावलेले आहे. असे असूनही खालचा भाग चिखलासारखा होतो, इक्यूने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ५० हर्ट्झच्या आसपास कापले तर किकमधला जीव जातो, आणि वाढवले तर मीटर लाल होतो. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर माझा अर्धवट ट्रॅक वाजवण्याची संधी मिळाली. तेथे किक रिकाम्या डब्यावर काठी मारावी तशी वाजली आणि बेस जवळजवळ नाहीसा झाला. जो थोडाफार उरला तो एक सप्तक वर सरकल्यासारखा ऐकू आला, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. ट्रॅक ‘ए’ मायनरमध्ये आहे आणि बेसचा मुख्य स्वर सगळ्यात खालचा वापरण्याजोगा ‘ए’ आहे.

तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. प्रकाशित झालेल्या ट्रॅकशेजारी माझा ट्रॅक दबलेला वाटतो, म्हणून मी शेवटी लिमिटर (मर्यादेच्या वरचा आवाज कापणारे साधन) इतका ढकलते की तो सतत सात-आठ डेसिबल कापत असतो, आणि मग किक बोथट होते.

शिकवणारे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत, पण एकात जे कटाक्षाने करायला सांगतात तेच दुसऱ्यात कटाक्षाने टाळायला सांगतात. जाणकारांना माझी विनंती अशी की या तिन्हींपैकी आधी कशाला हात घालावा, आणि त्यासाठी मोठे स्पीकर किंवा खराखुरा सिंथेसायझर घेणे आवश्यक आहे का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुम्ही ९ मिलीसेकंदांचा आणि ‘ए’ स्वराचा उल्लेख केला हे फार चांगले झाले, कारण त्या दोन गोष्टींतच तुमच्या हरवलेल्या बेसचे उत्तर आहे. तुम्ही म्हणता तो ‘ए’ ५५ हर्ट्झचा आहे, म्हणजे त्याचे एक आवर्तन साधारण १८.२ मिलीसेकंदांत पूर्ण होते. उजवी बाजू ९ मिलीसेकंद मागे टाकली की ती डाव्या बाजूच्या जवळजवळ बरोबर अर्धे आवर्तन मागे पडते : डावीकडे लहर वर असताना उजवीकडे ती खाली असते. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू वेगवेगळ्या कानांत जातात, त्यामुळे तेथे हे कळत नाही, उलट आवाज रुंद आणि सुखद वाटतो. मोठ्या ठिकाणची ध्वनियंत्रणा मात्र पुष्कळदा मोनोवर, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, चालवलेली असते. तेथे दोन्ही बाजूंची बेरीज झाली आणि त्यांनी एकमेकींना खोडून काढले. ११० हर्ट्झच्या दुसऱ्या स्वरांशासाठी (मूळ स्वराबरोबरच वाजणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या अंशासाठी) तेच ९ मिलीसेकंद जवळजवळ एक पूर्ण आवर्तन होतात, म्हणून तो टिकला. मूळ स्वर गेला आणि त्याच्या वरचा ‘ए’ राहिला, यालाच तुम्ही एक सप्तक वर सरकणे म्हणत आहात. तुमच्या कानांनी अचूक ऐकले होते.

तेव्हा तो इफेक्ट बेसवरून आजच काढून टाका आणि साधारण १२० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनो ठेवा. रुंदी हवीच असेल तर बेसचे दोन थर करा : खालचा थर साध्या साइन लहरीचा आणि मधोमध, वरचा थर सॉ लहरीचा, ज्याला १२० हर्ट्झच्या खालचे काढून टाकणारा हाय-पास फिल्टर लावलेला असेल. पसरवायचे ते फक्त या वरच्या थराला.

आता चिखलाविषयी. १२८ बीपीएमला एक मात्रा ४६८.७५ मिलीसेकंदांची असते, म्हणून तुमचा बेस किकनंतर सुमारे २३४ मिलीसेकंदांनी येतो. तुमच्या किकचा नमुना किती लांब आहे ते पाहा. तयार संचांतील पुष्कळ किक अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ घुमतात, आणि तसे असेल तर बेस येतो तेव्हा किकची शेपटी अजून वाजतच असते. साइडचेन अशा वेळी फारसे काही करू शकत नाही, कारण ते बेसला किकच्या ठोक्यावर दाबते, आणि तुमचा बेस मुळात त्या ठोक्यावर नाहीच. किकचा डिके, म्हणजे आवाज विरण्याचा काळ, कमी करून ती २०० मिलीसेकंदांच्या आत मिटेल असे करा. इक्यूला हात लावण्याची गरजही कदाचित पडणार नाही. माझ्या मते खालच्या भागातल्या बहुतेक तक्रारी लांबीच्या असतात आणि लोक त्यांवर वारंवारतेचे उपाय करत बसतात.

४१ लूपविषयी सांगायचे तर तुमच्या हाताखालचा आठ बारचा लूप हा ट्रॅकचा आरंभ नसून त्याचा सर्वांत गजबजलेला क्षण आहे, म्हणून त्याच्या पुढे जायला वाट सापडत नाही. वाट त्याच्या मागे आहे. १२८ बीपीएमला ३२ बार बरोबर एक मिनिटाचे होतात आणि १६० बार पाच मिनिटांचे. सगळी वाद्ये १६० बारपर्यंत सरसकट चिकटवा आणि मग नवे काहीही न रचता केवळ खोडत जा. पहिले ३२ बार फक्त किक, हॅट आणि एखादा तालाचा तुकडा ठेवा, कारण डीजेला आधीचा ट्रॅक तुमच्या ट्रॅकमध्ये मिसळायला तेवढी मोकळी जागा लागते, आणि शेवटच्या ३२ बारांत त्याच कारणासाठी हाच क्रम उलटा करा. बेस ३३व्या बारला येऊ द्या. मधल्या भागात किक आणि बेस दोन्ही काढून १६ बार केवळ कॉर्ड ठेवा. त्यांच्यावरचा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) हळूहळू उघडत न्या. पुढचे आठ बार स्नेअरची दाटी वाढवा आणि ड्रॉपच्या (किक आणि बेस एकदम परत येतात त्या क्षणाच्या) अगदी आधीची एक मात्रा पूर्ण रिकामी सोडा. हे सारे दोन तासांत होते. जे हाती येईल ते ओबडधोबड असेल, पण पाच मिनिटांचे असेल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील बेसच्या निदानाशी मी पूर्णतः सहमत आहे. खोडत जाण्याच्या पद्धतीविषयी मात्र थोडा मतभेद नोंदवतो. ती शिस्त म्हणून उत्तम आहे, पण आठ बारचा एकच विचार पाच मिनिटे पुरवण्याची सवय तिच्यामुळे लागू शकते. आपण कीबोर्ड वाजवणाऱ्या आहात, तेव्हा एखादा ट्रॅक किकशिवाय सुरू करून पाहावा : आधी मधल्या भागाच्या १६ बारांची कॉर्डमाला आणि तिच्यावरची चाल केवळ पियानोच्या आवाजात पूर्ण लिहावी, आणि त्यातलाच एखादा दोन-तीन स्वरांचा तुकडा उचलून ड्रॉप त्यावर उभारावा. अशा ट्रॅकमध्ये दुसरा भाग दुसऱ्या गाण्यासारखा वाटत नाही, कारण दोन्ही एकाच चालीतून निघालेले असतात.

मोठे स्पीकर घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे ते होईल. आपण खोलीच्या कोणत्या भागात बसता हे लिहिलेले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. खोलीची लांबी ३.४ मीटर असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरून तिचा पहिला अनुनाद ५० हर्ट्झच्या आसपास येतो. तो भिंतींजवळ फुगतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. मध्यावर बसणारा माणूस किक वाढवत राहतो आणि भिंतीला टेकून बसणारा ती कमी करत राहतो, दोघांचेही कान शाबूत असतात. स्पीकर मोठे आणल्याने यात फरक पडत नाही. खुर्ची पुढेमागे सरकवून पाहावी आणि खालच्या भागाचे निर्णय तूर्त हेडफोनवर, अधूनमधून मोनोचे बटण दाबून घ्यावेत. फार मोठ्या आवाजात काम करू नये : आवाज वाढला की आपल्या कानांना खालचे स्वर तुलनेने अधिक ऐकू येतात, त्यामुळे रात्री दणदणीत वाटलेला बेस सकाळी हळू आवाजात गायब असतो.

सिंथेसायझरविषयी एकच गोष्ट सांगतो. रोलंड कंपनीने १९८१ मध्ये काढलेले टीबी-३०३ हे यंत्र बेसगिटारची जागा घेण्यासाठी होते. त्या कामात ते अपयशी ठरले आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या त्याच यंत्राचे फिल्टर वाजता वाजता पिरगाळून शिकागोतील तरुणांनी अ‍ॅसिड हाउस घडवले. आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेला एखादा साधा सिंथ घ्यावा, त्याचे तयार प्रीसेट तीन महिने उघडू नयेत, आणि ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग), फिल्टर व एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग) या तिघांतून प्रत्येक आवाज स्वतः घडवावा.

पातळीविषयी थोडक्यात. लिमिटर आठ डेसिबल कापतो आहे तो बहुधा त्या घुमणाऱ्या किकमुळे. खालच्या स्वरांत ऊर्जा सर्वाधिक असते आणि मीटरची बहुतेक जागा तेच खातात. मिश्रणाचे शिखर उणे ६ डेसिबलपाशी ठेवावे. २४ बिटच्या फाइलमध्ये त्यासाठी केवळ एका बिटची किंमत मोजावी लागते, तेव्हा काटकसरीचे कारण नाही. तुलनेसाठी घेतलेला प्रकाशित ट्रॅक आपल्या ट्रॅकच्या पातळीपर्यंत खाली आणून मगच दोन्ही ऐकावेत, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. स्पॉटिफायसारख्या सेवा तर डीफॉल्ट स्थितीत सगळेच ट्रॅक उणे १४ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे लिमिटरमध्ये चिरडून मिळवलेली पातळी तेथे परत काढून घेतली जाते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोनोचे बटण शोधून दाबले आणि कार्यक्रमात ऐकलेला तोच पोकळ आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. इफेक्ट काढताच बेस परतला. किकचा नमुना ६४० मिलीसेकंद लांब निघाला, म्हणजे ती पुढच्या किकच्याही अंगावर जात होती. तो १८० पर्यंत आणल्यावर साइडचेन बंद करूनही चिखल दिसत नाही, आणि लिमिटर आता जेमतेम दोन डेसिबल कापतो. मी खोलीच्या मध्यावर बसत होते, हेही ओघाने कळले.

खोडण्याच्या पद्धतीने प्रकल्प क्रमांक २७ काल रात्री पाच मिनिटांचा झाला. पुढच्या ट्रॅकसाठी दुसऱ्या प्रतिसादातील पियानोची वाट धरून पाहणार आहे. आता एकच गोष्ट खुपते : मधले १६ बार किकशिवाय फार लांब वाटतात, आठ केले तर ड्रॉप घाईने आल्यासारखा वाटतो. याला काही मधला मार्ग आहे का?

प्रतिसाद १

लांबी १६च ठेवा. कंटाळा येतो तो बहुधा नवव्या बारला, कारण पहिल्या आठ बारांत जे घडले तेच पुन्हा सुरू होते. नवव्या बारला कॉर्डमालेतील शेवटची कॉर्ड बदला किंवा खालचा स्वर दुसरा घ्या, आणि तेराव्या बारपासून बेसची लय हाय-पास करून, म्हणजे केवळ तिची टकटक ऐकू येईल अशी, आत आणा. हे करून झाले की मोनोमध्ये एकदा ऐका आणि तो भाग येथे चढवा. तुमच्या कॉर्ड ऐकल्याशिवाय याहून नेमके सांगता येणार नाही.