उत्सिराची गंमत राहिलीच
नॉर्वेतल्या उत्सिरा या दोनशे माणसांच्या बेटाला स्वतंत्र पालिका कशाला, शेजारच्या पालिकेला जोडून टाका, असं काहीजण म्हणतात. हिशेबाला ठीक आहे, पण उत्सिरा आधी जोडलेलंच होतं, तोरवास्ताद या शेजारच्या पालिकेला. १९२४ मध्ये ते वेगळं झालं. उत्तर समुद्र खवळला की बोट बंद, मग पलीकडचं कार्यालय काय कामाचं?

इथल्या पक्ष्यांबद्दल आणि दीपगृहाबद्दल सगळेच लिहितात, खरी गंमत मात्र राहिली. १९२५ च्या पालिका निवडणुकीत इथे १२ पैकी ११ जागांवर बायका निवडून आल्या! ओसा हेल्गेसेन या सुईणबाई १९२६ मध्ये महापौर झाल्या, नॉर्वेतल्या पहिल्या महिला महापौर. राजधानी ओस्लोला महिला महापौर मिळायला १९९२ उजाडलं.