लग्नाला वर्ष नाही झालं, आणि बाळंतपणासाठी सहा महिने वेगळं राहायचं?

जुळेसोलापूरकरीण
लांबलचक लिहितेय, आधीच सांगते.

लग्न गेल्या मे महिन्यात झालं. आता सहावा चालू आहे, डॉक्टरांनी 10 मे तारीख दिलीय. रीतीप्रमाणे सातव्यात डोहाळेजेवण झालं की फेब्रुवारीअखेर मी माहेरी जायचं आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत यायचं. म्हणजे थेट ऑगस्ट. पहिल्या सव्वा वर्षातलं जवळजवळ अर्धं वर्ष नवरा इथं आणि मी बार्शी तालुक्यातल्या गावात.

नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका गारमेंटमध्ये हिशोब बघते. जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्यानं. सासू-सासरे मोहोळकडं शेतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्याकडून होणार नाही, हे त्या स्वतःच म्हणतात.

तिसऱ्या महिन्यात मला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नव्हता. दोन महिने हा माणूस कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्यावर राहिला, तक्रार नाही. मग स्वतः भाकरी थापायला शिकला. मोडते, पण पोटात जाते. आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी रात्री दोनला. तो उठून पिंप भरतो, मला घागरीला हात लावू देत नाही. सोनोग्राफीची फाईल त्याच्या ताब्यात, गोळ्यांच्या वेळा त्याच्या मोबाईलमध्ये. बाळ लाथ मारतंय म्हणून त्यानं पोटावर हात ठेवला की ते नेमकं गप्प होतं, आणि हा अर्धा तास हात तसाच ठेवून बसतो. परवा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो, तर गर्दी बघून यानं मला होम मैदानावर शिरूच दिलं नाही, लांबूनच दिवे बघून परत!

आणि आता बाळ यायच्या वेळेला हा माणूस तिसऱ्या दिवशी पाहुण्यासारखा पेढ्यांचा पुडा घेऊन येणार? मला इथंच बाळंत व्हायचंय. चुकतंय का माझं?

साखरपेठेतली काकू
बाई, पहिल्या वर्षी नवऱ्याचं कौतुक सगळ्यांनाच असतं. राग मानू नकोस.

माझी दोन्ही बाळंतपणं झाली, पहिलं माहेरी, दुसरं सासरी. फरक सांगते. माहेरी दुपारी दार लावून झोपले तर आई कुणाला बोलू द्यायची नाही. सासरी झोपले की भांड्यांचा आवाज वाढायचा. कुणी काही बोललं नाही हो, नुसता आवाज. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि चौदाव्या दिवशी मी परातीसमोर. तू म्हणशील, माझ्या घरी सासूच नाही. मग तर आणखी वाईट! टाके ओले, रात्रभर बाळ रडतंय, नवरा कारखान्यात. तेल लावून अंग चोळणार कोण, तुला वाटीभर अळिवाची खीर करून देणार कोण? मोडकी भाकरी तेव्हा पुरत नाही.

रात्रपाळी
काकूंचं मान्य करून उलटं बोलतो. मी पण लूमवरच आहे. पहिल्या वेळी बायको कलबुर्गीकडं माहेरी होती. तारखेच्या आधी पंधरा दिवस कळा सुरू झाल्या. मी पाळीवर, मोबाईल लॉकरमध्ये. सकाळी काढून बघतो तर अकरा मिस कॉल. स्टेशनवर पळालो, जी गाडी मिळाली तिच्या दारात उभं राहून गेलो. पोहोचलो तेव्हा पोरगं झोपलेलं, बायको झोपलेली, आणि सासरे मला म्हणायलेत, दमलात का, चहा घ्या.

त्याचं दुःख नाही. पण पाच महिन्यांनी दोघं घरी आले तेव्हा पोरगं माझ्याकडं आलं की रडायचं. वास ओळखीचा नव्हता माझा. महिना गेला त्याला मी कोण ते कळायला.

साखरपेठेतली काकू
@रात्रपाळी, एक विचारते, खरं सांगायचं. जवळ असतास तर दुपटी धुतली असतीस का?

रात्रपाळी
पहिल्याची नाही धुतली. दुसरीची धुतली, कारण दुसरी सोलापुरात झाली. तेच सांगायलोय की काकू.

निवृत्त गुरुजी
आमच्या वेळी मला थेट बारशाचं पत्र आलं होतं. मुलगा झाल्याचं त्यातच कळलं. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

पण मुली, तुझ्या एवढ्या मोठ्या मजकुरात तू आहेस, नवरा आहे, सासूबाईंचे गुडघेसुद्धा आहेत. तुझी आई कुठं आहे? लेकीचं पहिलं बाळंतपण करायचं ही बाईची आयुष्यभराची हौस असते. तिला विचारलंस का?

हौसेचं बिल
गुरुजी, हौस असते, मान्य. पण हौसेचं बिल कुणाच्या नावावर फाटतं तेही बोलू. माझ्या ताईच्या वेळी सिझर झालं. दवाखान्याचं बिल बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून भरलं, लग्नाचं कर्ज अजून डोक्यावर असताना. वर बाळंतविडा, पाळणा, बाळाचे चांदीचे वाळे, जावयाला कपडे. सासरचे बारशाला आले, जेवले आणि मेव्याचे लाडू कमी दिले म्हणून कुजबुजले. बाळाचं आडनाव ह्यांचं, आणि खर्च मुलीच्या बापाचा. ह्याला रीत म्हणायचं असेल तर म्हणा.

पूर्वभाग
आमच्यात पद्मशाली लोकांतही पहिलं माहेरीच. पण माझं माहेर आणि सासर, दोन्ही अशोक चौकाजवळ, मध्ये दोन बोळ. बाळंतपणासाठी वाजतगाजत माहेरी गेले आणि नवरा रोज संध्याकाळी काम सुटलं की तिथंच जेवायला. आईच शेवटी म्हणाली, हा जावई आहे की घरजावई! त्यामुळं ह्या वादात माझं मत धरू नका.

वॉर्डातली सिस्टर
सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डला बारा वर्षं झाली. माहेर-सासर बाजूला ठेव. रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ आणि रक्त कुठं मिळेल, आणि तिथं पोहोचायला किती वेळ लागेल? गाव बार्शीपासून लांब असेल तर घरातल्या मायेनं हे अंतर कमी होत नाही. इथं सोलापुरात तुझी फाईल असलेला दवाखाना जवळ आहे, ही तुझी बाजू.

आता दुसरी बाजू, जी तुला आवडणार नाही. दिवसा तुझ्याजवळ कोण असतं? नवव्या महिन्यात डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा-हात सुजले, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, तर लगेच निघावं लागतं. कारखान्याच्या लॉकरमधला मोबाईल त्या वेळी कामाचा नाही.

आणि नवरा जवळ हवा म्हणतेस तर दवाखान्यात आधी विचारून घे. बऱ्याच ठिकाणी लेबर रूममध्ये बाईमाणसालाच सोडतात. तो इथं असूनही बाहेरच्या बाकड्यावरच बसलेला असेल.

जायचंच असेल तर कागदपत्रं घेऊन वेळेत जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवून ठेव. शेवटच्या आठवड्यात एसटीनं नको. आणि कुठंही झालीस तरी, मे महिना आहे. सोलापूर काय, बार्शी काय, बेचाळीसच्या वर पारा. खिडक्या बंद, खोलीत शेगडी, बाळाला टोपरं आणि वर तीन दुपटी, असं करू नका. दरवर्षी उन्हाळ्यात अशी तापलेली बाळं येतात. नुसतं गुंडाळल्यानंही अंग तापतं, पण ते घरी ठरवायचं नाही, एवढ्या लहान बाळाचा ताप दाखवायचाच. आणि ऊन आहे म्हणून पाणी पाजायचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

साखरपेठेतली काकू
शेगडीशिवाय बाळंतीण? आमची काय मेली का?

वॉर्डातली सिस्टर
काकू, तुमची दोन्ही पोरं कुठल्या महिन्यातली?

साखरपेठेतली काकू
एक मार्गशीर्षातलं, एक पौषातलं. बरं बाई. मेमध्ये नको शेगडी.

हिशोबनीस
ताई, तुम्ही हिशोब बघता आणि रजेचाच हिशोब केला नाही? कामावर दहा किंवा जास्त माणसं असतील तर बाळंतपणाच्या रजेचा कायदा लागू होतो. गेल्या वर्षभरात 80 दिवस काम झालेलं असलं की पहिल्या बाळाला 26 आठवड्यांची भरपगारी रजा, 2017 च्या दुरुस्तीपासून. त्यातले तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येतात. 10 मे धरली तर 15 मार्चच्या आधी ही रजा सुरूच होत नाही. फेब्रुवारीअखेर गेलात तर मधले दिवस बिनपगारी.

15 मार्चपासून घेतली तर सप्टेंबरच्या मध्याला संपेल. तब्येत साथ देईल तोवर काम करून 19 एप्रिलला घेतली तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरेल. पाच आठवडे जास्त, तेही बाळासोबतचे. सातव्यात जायची रीत पडली तेव्हा बायकांना हजेरीपट नव्हता.

जुळेसोलापूरकरीण
@हिशोबनीस, मालकांना रजेचं विचारलं तर म्हणाले, बघू. ‘बघू’चा अर्थ तुम्हाला ठाऊक असेल. आता अर्जच लिहून देते.

@सिस्टर, लेबर रूमचं खरंच माहीत नव्हतं. काल विचारलं. बाईमाणूसच चालतं म्हणे. नवरा म्हणाला, बाकडं तरी सोलापुरातलं असेल ना.

@गुरुजी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आईला विचारलं नव्हतं, नुसतं ठरवलं होतं. आज फोन केला. आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, तुझ्यासाठी आजीची सुती लुगडी धुऊन ठेवलीत दुपट्यांना, कोठीची खोली रिकामी केलीय. मी म्हटलं, आई, तूच इकडं ये ना, एप्रिलच्या वीस तारखेला. बाळंतपण इथं होऊ दे, टाके वाळले आणि जूनचा पाऊस पडला की दीड-दोन महिने मी तिकडं येते. तर आईचं उत्तर ऐका: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खात नाहीत!

साखरपेठेतली काकू
बरोबरच आहे तिचं. मी पण माझ्या लेकीकडं पहिल्यांदा पाणी प्यायले ते नातीच्या बारशाला. पण त्यावर उपाय असतो गं. तिला म्हणावं पीठमीठ घरून आण, चूल वेगळी मांड. वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, बाळ झालं की तुझंच जेवेल.

हौसेचं बिल
म्हणजे पुन्हा शिधा माहेरचाच.

रात्रपाळी
वीस दिवसांच्या शिध्यावरून पेटू नका. ताई, नवऱ्याला सांगा, एप्रिल-मेची रात्रपाळी आत्ताच कुणाशी तरी बदलून घ्यायला. आमच्याकडं महिनाभर आधी सांगितलं तर पोरं ऐकतात, ऐन वेळी कुणी नाही ऐकत.

जुळेसोलापूरकरीण
सांगते. काकू, पिठाचंही बोलले होते मी. आई म्हणाली, पीठ आणीन, डाळ आणीन, पण पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात बाळंतिणीला न्हाऊ काय घालू? तुझ्या बापाला विचारून सांगते. अजून फोन आला नाही.

उद्या साखरेची तपासणी आहे, ते ग्लुकोजचं पाणी प्यायचंय. आणि आत्ताच खाली ओरडा झाला, नळाला पाणी आलंय. ह्या आठवड्यात त्याची रात्रपाळी. शेजारच्या मावशी पाईप लावून देतायत, मी नुसती तोटी धरून उभी राहणार. नंतर बोलते.