डोळे नॉर्मल, रिपोर्ट नॉर्मल, तरी पायरी दिसत नाही. मुलगा ७ वर्षांचा आणि सासरे ७४, दोघांचं एकच असेल का?

इंदिरानगरची_आई

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण कोणाला यातलं माहिती असेल तर प्लीज सांगा. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, ३१ व्या आठवड्यात झालेला, वजन १४०० ग्रॅम, २६ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता. तेव्हा डोळ्याच्या पडद्याची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा ओके. आत्ताही दोन ठिकाणी दाखवलं, थेंब टाकून सगळं बघितलं, बोर्डवरची शेवटची ओळ त्याने वाचली, रिपोर्ट नॉर्मल. पण घरात मी बघते ते वेगळंच आहे. जिना उतरताना पायाने चाचपत उतरतो, दारात पडलेल्या चपलेला रोज अडखळतो, कंपासमधून खोडरबर काढ म्हटलं की सगळं टेबलावर ओतून पसरल्याशिवाय सापडत नाही. आणि मागच्या बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मी चार पावलांवर मेथी घेत होते, हाका मारतेय, तो माझ्याकडेच तोंड करून उभा आणि रडतोय की आई दिसत नाही, मी हात वर करून जोरात हलवला तेव्हा त्याला मी दिसले. शाळेतून सारखं येतं की लक्ष नसतं, वाचताना ओळी गाळतो.

दुसरीकडे सासरे, आम्ही नाना म्हणतो, ७४ वर्षांचे. दोन्ही मोतीबिंदू काढलेत, चष्मा लावून पेपर सगळा वाचतात. पण संध्याकाळी रामकुंडाच्या पायऱ्यांवर एकदम थबकतात, म्हणतात सगळ्या पायऱ्यांची मिळून एकच फरशी दिसते. द्वारकेच्या चौकात समोरची रिक्षा उशिरा दिसली तेव्हापासून स्कूटर त्यांनी स्वतःहून बंद केली.

मिस्टर म्हणतात दोघांचंही डोळ्याचं नाही, मेंदूचं आहे. असं असतं का? आणि मुलाच्या बाबतीत आपल्याला उशीर झालाय का, या विचाराने मला रात्रीची झोप लागत नाहीये.

चष्मा_आणि_नजर

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस करतो. फोरमवर निदान होत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

बोर्डवर काय असतं? पांढऱ्यावर काळी अक्षरं, स्वच्छ उजेड, एका जागी बसून, वेळ भरपूर. बुधवारच्या बाजारात यातलं काहीच नसतं. डोळा फक्त उजेड पकडतो, बघण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या वर जिथे डोक्याचा उंचवटा लागतो त्याच्या आत सुरू होतं, आणि तिथून पुढे ढोबळमानाने दोन वाटा जातात. एक कानशिलाकडे, तिचं काम ही वस्तू कोणती, हा चेहरा कोणाचा. दुसरी वर टाळूकडे, तिचं काम वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, पाय कुठे टाकायचा आणि पसाऱ्यातून एक गोष्ट कशी वेचायची. तुमच्या मुलाची सगळी उदाहरणं मला दुसऱ्या वाटेची वाटतात. हात हलवल्यावर तुम्ही दिसलात हेही महत्त्वाचं आहे, कारण गर्दीत स्थिर असलेलं न दिसणाऱ्या काही मुलांना हललेलं मात्र पटकन दिसतं.

साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या मधे बाळाच्या मेंदूत पाण्याच्या ज्या पोकळ्या असतात ना, त्यांच्या कडेचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडला की पहिला मार तिथे बसतो, त्याला पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया म्हणतात, डिस्चार्ज कार्डवर पीव्हीएल असं लिहिलेलं असतं. डोळ्याकडून मागे जाणाऱ्या तारा तिथूनच जातात आणि त्यातही नजरेच्या खालच्या भागाच्या तारांना जास्त मार बसतो. म्हणून अशा मुलांना समोरचं, वरचं छान दिसतं पण पायाजवळचं दिसत नाही. पायरी खाली असते, चप्पल खाली असते. डोळा चांगला असूनही मेंदूमुळे बघायला अडचण येते त्याला सीव्हीआय म्हणतात, सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट. एनआयसीयूतली पडद्याची तपासणी आरओपीसाठी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी असते, त्यात हे कळतच नाही, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांची काही चूक असेल असं नाही.

आता करायचं काय. एनआयसीयूची फाईल काढा, डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर त्याचा रिपोर्ट शोधा, आणि लहान मुलांचे नेत्रतज्ज्ञ आणि मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही सरळ विचारा की सीव्हीआय असू शकतं का. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्येही, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रातही चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ते असतं. आणि आज रात्री एक बघा, जेवून उठल्यावर त्याच्या ताटात काय उरतं यापेक्षा कुठल्या बाजूला उरतं ते बघा.

सिन्नरकर_ताई

उशिराबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय, कारण ती रात्रीची झोप मीही घालवलीये. माझ्या मुलीला जन्मतःच एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि आम्हाला कळला ती चार वर्षांची झाल्यावर, एका फोटोत एक बाहुली पांढरी दिसली तेव्हा. ऑपरेशन छान झालं, आत लेन्स बसली, मला वाटलं संपलं. पण त्या डोळ्याने तिला जेमतेम बोटं मोजता यायची. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की खिडकी आता साफ झाली पण मेंदूने चार वर्षांत त्या खिडकीकडे बघणंच सोडून दिलंय. एका डोळ्याचा असा मोतीबिंदू बाळ सहा-आठ आठवड्यांचं व्हायच्या आत निघाला तर सगळ्यात बरं असतं, हे मला फार नंतर समजलं. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी फोटोत बाहुली पांढरी चमकताना दिसली तर एक दिवसही थांबू नका हो.

नंतर मी वाचत सुटले. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, उघडल्यावर डोळा ठणठणीत पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळपास दाद देईनात, बहुतेक सगळी जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली. मोठ्या मांजरीचा डोळा तसाच बंद ठेवला तर काहीच बिघडलं नाही. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. हे वाचून मी रडले होते, वाटलं आपल्या मुलीचं दार बंद झालं.

पण नंतरचं पण ऐका. अमेरिकेतल्या एमआयटीचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी भारतात प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मोठ्या मुलांची ऑपरेशनं करायची आणि त्यांची नजर कशी शिकते ते बघायचं. २०११ मध्ये त्यांनी ८ ते १७ वयाच्या पाच मुलांचं लिहिलं. ऑपरेशनची पट्टी निघाल्यावर हाताने चाचपलेला ठोकळा नजरेने ओळखता येईना, आणि थोड्याच दिवसांत जमायला लागलं. नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही त्यांची, पण वापरता येते. माझ्या मुलीला आम्ही चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायचो, रोज ठरलेले तास, त्या वेळात ती मोड आलेल्या मटकीतून खडे वेचायची, चिडायची, मीही चिडायचे. आज त्या डोळ्याने ती पुस्तकातलं मोठं अक्षर वाचते. तुमच्या मुलाचं कारण वेगळं आहे, त्याला पट्टीचा उपयोग नसेलही, पण सातव्या वर्षी मेंदू अजून खूप शिकतो एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

गोदाकाठचे_काका

सूनबाई, तुमच्या नानांबद्दल मी लिहितो, माझं वय ६९ आणि मला अर्धी नजर नाही. पाच वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या मागच्या भागाला, तेव्हापासून दोन्ही डोळ्यांनी डाव्या बाजूचं दिसत नाही. हातपाय, बोलणं सगळं शाबूत, म्हणून घरच्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला आणि त्यात दोन दिवस गेले. कोणाचंही दिसणं अचानक गेलं, एका बाजूचं गेलं तर चष्म्याच्या दुकानात नाही, तडक हॉस्पिटलला न्या. लहान बाळाच्या मेंदूला एका बाजूला अशी इजा झाली तर पुष्कळदा आजूबाजूच्या वाटा तयार होतात आणि ते बाळ आमच्यापेक्षा बरंच सावरतं असं माझे डॉक्टर म्हणाले, आमच्या वयात मान आणि डोळे फिरवून त्या बाजूला बघायची सवय लावावी लागते. मी दारातून बाहेर पडताना आधी डावीकडे बघतो, आता ते अंगवळणी पडलं.

नानांचं मात्र अचानक नाही, हळूहळू आहे, त्यामुळे मिस्टरांना सांगा की दोघांचं एकच नाही. मुलाच्या तारा बनतानाच मार बसला असेल, नानांच्या तारा सत्तर वर्षं उत्तम चालून आता संथ झाल्यात. वयाने बाहुली लहान होते, लेन्सही गढूळ होते, साठीत पडद्यावर तरुणपणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, यातला लेन्सचा वाटा मोतीबिंदूच्या ऑपरेशनने सुटतो, बाहुलीचा नाही सुटत. उजेडातून अंधारात गेलं की डोळा सरावायला जास्त वेळ लागतो. आणि मेंदूत पेशी काही फार मरत नाहीत म्हणे, पण नको ती गडबड दाबून ठेवायचं काम ढिलं पडतं. २००३ मध्ये म्हाताऱ्या माकडांवर केलेला प्रयोग मला फार आवडला, त्यांच्या मेंदूतल्या पेशींना आडवी रेघ आणि तिरकी रेघ यातला फरक नीट करता येईना, गाबा नावाचं दाबून ठेवणारं रसायन तिथे दिलं तर त्याच म्हाताऱ्या पेशी पुन्हा नीट फरक करायला लागल्या. राखाडी दगडावर राखाडी पायरी, संध्याकाळचा उजेड, नाना म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

पण सगळं वयावर ढकलू नका. काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते बघणारी) दोन्ही करून घ्या, काचबिंदू दुखत नाही. घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. आणि कधी नाना म्हणाले की अंगणात नसलेली मुलं खेळताना दिसतात तर घाबरून त्यांना वेडं ठरवू नका. माझ्या थोरल्या बहिणीची नजर खूप कमी झाल्यावर तिला रोज दुपारी लाल फेट्यातली माणसं दिसायची, ती भीतीने कोणाला सांगायची नाही. नजर कमी झाली की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं रंगवतो, त्याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांना सांगायचं एवढंच.

इंदिरानगरची_आई

तिघांचे किती आभार मानू. डिस्चार्ज कार्ड कपाटात सापडलं, सोनोग्राफीच्या खाली पीव्हीएल लिहिलंय, सात वर्षं ते घरात होतं आणि आम्हाला कोणी त्याचा अर्थ सांगितला नाही. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये, नानांची फील्ड टेस्ट पण त्याच दिवशी. पिवळी पट्टी नानांनी स्वतः बसून लावली, काल दोघं आजोबा-नातू हात न धरता जिना उतरले.

आणि ते ताटाचं. काल वरणभात होता. तो नेहमीसारखा झालं म्हणून उठायला लागला, मी बघितलं तर ताटाचा वरचा अर्धा भाग चाटूनपुसून स्वच्छ आणि त्याच्या पोटाकडचा सगळा भात तसाच. रोज यावरून मी त्याला ओरडायचे, अन्न टाकू नये म्हणून. मी काही न बोलता ताट फिरवलं. तो बघतच राहिला आणि म्हणाला, आई, अजून भात वाढलास?