‘स्फिअर’ म्हणजे गोल, कक्षा की पापुद्रा?

पानगळ: भाचीने खोलीत लावायला भित्तिचित्र छापून घेतलंय. जर्मन खगोलशास्त्रज्ञ पेत्रुस आपियानुसच्या ‘कॉस्मोग्राफिया’ या पुस्तकातली (१५२४) विश्वाची मध्ययुगीन आकृती. मधोमध पृथ्वी, भोवती चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी, मग तारे, मग स्फटिकाचं आकाश, मग सगळ्यांना फिरवणारं दहावं, आणि त्याबाहेर देवाचं घर. खाली मराठी ओळ हवी म्हणाली. मी ‘दहा गोल’ लिहून दिलं. तर म्हणते, "मामा, गोल एकच आहे, बाकी रिंगा." या थरांना इंग्रजीत स्फिअर म्हणतात, त्याला मराठीत म्हणावं काय?

जुनाखाते: गोलच. भास्कराचार्यांचा ‘गोलाध्याय’ ११५० चा. खगोल म्हणजे तरी काय? ख म्हणजे आकाश, त्याचा गोल. खग, आकाशात जाणारा, तोही त्यातलाच. शब्द घरात असताना शेजारी मागायला कशाला जायचं?

दुपारचा_चहा: आज ‘गोल’ म्हटलं की भरीव चेंडू डोळ्यापुढे येतो. हे पोकळ, एकात एक बसवलेले. कक्षा म्हणा.

पानगळ: कक्षा म्हणजे नुसती वाट. या लोकांच्या मते ग्रह त्या कवचात खड्यासारखा जडवलेला. कवच फिरतं म्हणून तो फिरतो.

कांदेपोहे: मग पापुद्रा! कांदा आडवा चिरून बघा, हुबेहूब.

जुनाखाते: देवाचं घर पापुद्र्याबाहेर. धन्य.

दुपारचा_चहा: ‘सातवे आसमान’ यातलंच का?

कांदेपोहे: ते हिंदीवाल्यांचं. आमची आजी ‘सप्तपाताळ, एकवीस स्वर्ग’ म्हणायची. आपियानुस दहा-अकरातच दमला.

ओसरी: पण १५२४ म्हणजे मध्ययुग नव्हे हो.

पानगळ: कल्पना जुनीच आहे. ढगांच्या पडद्यातून डोकं बाहेर काढणारा माणूस तरी आणला नाही तिने! ते चित्रही मध्ययुगीन म्हणून खपवतात, आणि आहे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ फ्लामारियोंच्या १८८८ च्या पुस्तकातलं.

ओसरी: खरं बाराव्या शतकातलं हवं तर हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीचं घ्या. तिच्या ‘स्किवियास’ या ग्रंथात अख्खं विश्व अंड्यासारखं. आपल्या ‘ब्रह्मांडा’त अंडं आधीपासून आहेच, भाषांतराची कटकट नाही.

जुनाखाते: मूळ चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटली. भित्तिचित्र अजिंठ्याला, भिंतीवरच काढलेलं. खिळ्याला टांगतात ती तसबीर.

दुपारचा_चहा: तसबीर अरबी. शेजारून आणलीत?

जुनाखाते: ती आता घरचीच झाली.

कांदेपोहे: आमच्याकडे तसबीर म्हटलं की लोक हार घेऊन येतात. भाचीच्या खोलीत नको.

पानगळ: अहो, फ्रेमवाला शनिवारी येतोय. ओळीचं काय?

ओसरी: हार काही फक्त गेलेल्यांच्याच तसबिरीला नसतो. देवाच्या तसबिरीला नुसतं फूलही चालतं.