तुमचा 'पामेरियन' कसा आहे? (अनुभव धागा)

सोलापुरात पांढरं, केसाळ, लहान कुत्रं दिसलं की ते पामेरियनच. आमचा मोतीही जन्मभर तसाच मिरवला. वजन मात्र सात किलो. खरा पॉमेरेनियन दीड ते सव्वातीन किलोत आटोपतो, म्हणजे आमचं ध्यान बहुधा इंडियन स्पिट्झ. घराणं एकच, टोकदार तोंडाचं नि उभ्या कानांचं. पॉमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख, आज थोडा जर्मनीत, बराचसा पोलंडमध्ये. तिथली जुनी कुत्री चांगली दांडगी होती. व्हिक्टोरिया राणीनं १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचा मार्को आणला आणि छोट्यांची चलती झाली. अंग आटलं, रुबाब आटला नाही. तुमच्याकडचे किस्से लिहा, लबाड्यांसकट.

कडकभाकरी : रुबाबाचं काय सांगता! समोर डॉबरमन आला तरी आमचा मागं सरत नाही बे. उचलून पळायचं काम माझं.

अशोकचौककर : आमची अव्वा (आजी) त्याच्याशी तेलुगूत बोलते, आई मराठीत. 'रा' म्हटलं की धावत येतो. 'ये' म्हटलं की विचार करतो.

जुळेसोलापूर : माझी चूक लिहिते. मे महिन्यात पारा ४३ वर, बिचाऱ्याला उकडत असेल म्हणून मशीन लावून सगळे केस काढून आणले. या जातीला दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. वरचा थर ऊन अंगापर्यंत पोचू देत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. लोकर परत आली, पाठीवरचे लांब केस आलेच नाहीत. वर्षभर फाटलेल्या गादीसारखा दिसत होता. शेजारच्या काकू विचारायच्या, "खरूज झालीय का हो?" आता फक्त विंचरते. फिरणं सकाळी सहाच्या आत. दुपारभर स्वारी मोरीच्या फरशीवर पोट टेकून.

शेंगाचटणी : नाव असलं तरी सांगतो, चटणीचा तुकडा देऊ नका. शेंगा नाही, त्यातला लसूण बाधतो. कांदाही तसाच, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आमचे बाबा ऐकत नाहीत, ताटाशेजारी बसवून घेतात.

कडकभाकरी : गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री काय करता? डॉबरमनवर धावणारा आमचा वाघ कपाटामागं जातो, सकाळपर्यंत बाहेर येत नाही.

अशोकचौककर : खिडक्या बंद, टीव्ही मोठ्यानं, आणि अव्वाची मांडी. आणखी एक, गळ्याला पट्टा नको. यांची श्वासनळी नाजूक, ओढ बसली की ठसका लागतो. छातीचा पट्टा घ्या.

धागाकर्ता : मोती जाऊन दीड वर्ष झालं. गॅसवाला अजून फाटकाबाहेर थांबूनच विचारतो, "बांधलंय ना?"