हाल्ग्रिम्सकिर्क्या: कातळाचं रूप की काँक्रीटचं सोंग?

काळाकातळ: काल इथे कुणी आइसलँडच्या राजधानीतल्या हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चबद्दल लिहिलं, 'रेक्याविकचं हे चर्च म्हणजे काँक्रीटचं सोंग. लाव्हाचे खांब दाखवायचे होते तर खरा दगड वापरायचा.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो आणि बहुतेक षट्कोनी खांब तयार होतात. आइसलँडमध्ये स्वार्टिफॉस धबधब्यामागे ते टांगल्यासारखे दिसतात. वास्तुकार गुड्यॉन सामुएलसनने १९३७ मध्ये चर्चला तेच रूप दिलं: मधे ७४.५ मीटरचा बुरूज, दोन्हीकडे उतरत गेलेले खांब. यात सोंग कसलं?

पाथरवटाचा लेक: ते मीच लिहिलं, मागे घेणार नाही. वडील जाती घडवायचे. छिन्नी लावण्याआधी दगड ठोकून ऐकायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर. काँक्रीट काय बोलणार? १९४५ ते १९८६, एवढी वर्षं खपून शेवटी साच्यात ओतलेलंच ना? वेरूळचं कैलास बघा, खरा बेसाल्ट, म्हणजे निवलेल्या लाव्हाचाच कातळ, वरून खाली कोरलेला.

साइटवरची: वडिलांबद्दल आदर आहे, पण हे साफ चूक. पंधरा वर्षं दुरुस्तीची कामं करतेय, काँक्रीटही आम्ही ठोकूनच तपासतो. गेल्या पावसाळ्यात एका छज्जाखाली बद्द वाजलं. फोडलं तर सळई गंजून फुगलेली, बोटानं पापुद्रे निघत होते. आणि कैलास कोरायला आधी डोंगर लागतो. रेक्याविकच्या त्या टेकडीवर एवढा उंच कातळ होता कुठे?

अंधेरीकर: वेरूळ कशाला, आमची अंधेरीची गिल्बर्ट हिल टेकडी आहे की! तेच खांब, सुमारे २०० फूट उंच, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. आजूबाजूचा कातळ खाणवाल्यांनी फोडून नेला. लहानपणी आजीचा हात धरून वर गावदेवीला जायचो. आता खाली इमारती अगदी पायथ्याला भिडल्यात. तिकडच्या चर्चवर भांडताय, इथले खरे खांब गेले त्याचं काय?

पाथरवटाचा लेक: खाणीत घण मारणारे आमचेच लोक होते, रोजावर. त्यांच्या माथी मारू नका.

अंधेरीकर: मी मालकांना म्हणालो. नसलेलं माझ्या तोंडी घालू नका! पालिकेच्या वारसा यादीत टेकडी आली २००७ मध्ये. तोवर जायचं ते गेलं होतं.

काळाकातळ: चर्चवर बोलूया का?

पाथरवटाचा लेक: बोलतो. ठोकून ऐकण्याचं ताईंचं मान्य, तेवढंच. पण त्या चर्चचे खांब डावीकडे तसेच उजवीकडे, एका मापाचे. कातळात एक पाच बाजूंचा निघतो, शेजारचा सात बाजूंचा. दोन सारखे मिळत नाहीत.