बार्नेकल कालवांच्या जवळचे की खेकड्यांच्या?

सागरगोटा (प्रश्न):
कोकण किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे आणि बार्नेकल शेजारी शेजारी चिकटलेले दिसतात. दोघांचे कवच चुन्याचे, दोघेही एकदा चिकटले की जन्मभर जागा सोडत नाहीत आणि दोघेही पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात. तरीही पुस्तकांत कालव शंख-शिंपल्यांच्या मृदुकाय संघात आणि बार्नेकल मात्र खेकडे-कोळंबीच्या कवचधर गटात असते. हे नाते कशावरून ठरवले, आणि ते कितपत पक्के आहे?

कातळकडा:
आपल्याला पडलेला प्रश्न प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनीयस आणि क्यूव्हिए या जुन्या निसर्गशास्त्रज्ञांसमोरही होता आणि दोघांनीही कवच पाहून बार्नेकलांना शंख-शिंपल्यांच्या पंक्तीत बसवले होते. हे चित्र पालटले ते आयर्लंडमधील कॉर्क येथील लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन थॉम्पसन यांच्यामुळे. समुद्राच्या पाण्यातून गोळा केलेले पोहणारे चिमुकले जीव त्यांनी भांड्यात ठेवले, तेव्हा त्या जिवांनी तळाला चिकटून कात टाकली आणि त्यांची बार्नेकले झाली. हे निरीक्षण त्यांनी १८३० साली प्रसिद्ध केले.

अंड्यातून बाहेर पडणारा बार्नेकलचा डिंभ (प्रौढाहून वेगळे दिसणारे पिल्लू), ज्याला नॉप्लियस म्हणतात, एका डोळ्याचा आणि उपांगांच्या तीन जोड्या असलेला असतो, आणि असाच डिंभ इतर अनेक कवचधरांतही आढळतो. बार्नेकलच्या नॉप्लियसला मात्र पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके असतात, हे फार महत्त्वाचे आहे. खेकड्याच्या शरीरात मुळांसारखी पसरणारी सॅक्युलिना ही परजीवी प्रौढपणी प्राणी म्हणूनही ओळखू येत नाही. पण तिच्या डिंभाला हीच शिंगे असल्यामुळे ती बार्नेकलांची सख्खी नातलग ठरते. कालवाचा डिंभ मात्र अगदी निराळा असून तो पक्ष्माभिकांच्या, म्हणजे हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, पट्ट्यांनी पोहतो.

चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ ही आठ वर्षे जिवंत आणि जीवाश्म अशा दोन्ही प्रकारच्या बार्नेकलांवर घालवली. माझ्या मते वर्गीकरण म्हणजे वंशावळ शोधणे, ही दृष्टी त्यांना प्रत्यक्ष हाताळायला मिळाली ती याच कामात.

निवळी:
वरील उत्तराला एक पुरवणी जोडते. डिंभावरून काढलेला निष्कर्ष पुढे डीएनएच्या तुलनेने स्वतंत्रपणे पक्का झाला, म्हणून बार्नेकलांचे स्थान आपण ठाम मानण्यास हरकत नाही. मात्र इतर काही जुनी नाती त्याच कसोटीवर मोडली. शरीराचे खंड पाहून गांडुळे व समुद्रकृमी यांसारख्या वलयी प्राण्यांना पूर्वी संधिपादांचे, म्हणजे कवचधर, कीटक यांसारख्या सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांचे, निकटवर्ती मानत असत; परंतु १९९७ साली रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) आरएनएसाठी असलेल्या एका जनुकाच्या तुलनेतून कात टाकणारे संधिपाद आणि सूत्रकृमी एका शाखेवर आले, तर वलयी प्राणी मृदुकायांच्या बाजूला गेले. इतकेच नव्हे, तर कीटकांची फांदीही कवचधरांच्या आतूनच फुटलेली आहे, असे आता मानले जाते. तरीही एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते, कारण काही वंशांत जनुके फार वेगाने बदलतात आणि असे वंश नाते नसतानाही एकत्र ओढले जातात. म्हणून आज शेकडो जनुके एकत्र तपासतात.

सागरगोटा:
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. गोड्या पाण्यातील शिंपल्यांनाही हीच पद्धत लागू पडते का?

कातळकडा:
पद्धत तीच, पण अडचणी वेगळ्या आहेत. नदीतील शिंपल्याचे कवच प्रवाह, गाळ आणि वय यांप्रमाणे बदलते, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात केवळ कवच पाहून एकाच जातीला अनेक नावे मिळाली. आपल्या नद्यांतील लॅमेलिडेन्ससारख्या शिंपल्यांचे डिंभ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी राहतात आणि मासा नेईल तिथे पसरतात. मासे सहसा जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांमधली उंच जमीन, ओलांडत नसल्याने वेगवेगळ्या खोऱ्यांतील शिंपले दीर्घकाळ एकमेकांपासून तुटलेले राहू शकतात, आणि दिसायला सारख्या असलेल्या दोन जाती डीएनए पाहिल्यावरच वेगळ्या निघतात.

काळाचा अंदाज घेण्यासाठी जीवाश्म लागतात आणि त्याबाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख मुबलक सापडतात, आणि नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० साली त्यांचे वर्णन केले होते. अशा थरांचे वय आसपासच्या लाव्हावरून मोजता येते, आणि एखाद्या शाखेचा सर्वांत जुना खात्रीचा जीवाश्म सापडला, की ती शाखा त्याआधीच फुटलेली असणार, एवढी मर्यादा निश्चित होते.